पोलराइज्ड गॉगल दर्यात कधी चालतो, कधी नाही, आणि का



गेल्या हंगामात दिवाळीच्या आगेमागे आपल्या एका सभासदाच्या पातीच्या पंख्यात दोर अडकला. सकाळची वेळ, जाळी ओढून बंदराकडे परत येत होते, सूर्य बरोबर समोर. पुढे दुसऱ्या एका सभासदाने तळाला लावलेल्या जाळ्याचा बोया होता, पण पाण्यावर एवढी तिरीप होती की तांडेलाला तो दिसलाच नाही. इंजिनाची पिन तुटली, दुसऱ्याचं जाळं फाटलं, दोन घरांत बोलाचाली झाली. ऑफिसात बसून मिटवामिटवी केली तेव्हा तांडेल पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "अहो, मी पोलराइज्ड गॉगल घातला होता. तरी दिसला नाही."

तो गॉगल आपल्याच संस्थेमार्फत घेतलेला होता. म्हणून आम्हाला खोलात जावं लागलं. पहिली गोष्ट निघाली ती अशी की गॉगल पोलराइज्ड नव्हताच, नुसती काळी काच होती. एका विक्रेत्याकडून आम्ही ते एकत्र मागवले होते, स्टिकरवर विश्वास ठेवला, तपासले नाहीत. ती चूक आमची. पैसे परत मिळाले नाहीत. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी विक्रेता सांगत नाही. गॉगल अस्सल असता तरी त्या वेळी, त्या दिशेला त्याचा फार उपयोग झाला नसता. असं का, हे नीट समजून घेतलं तर पुढच्या वेळी गॉगलवर किती भिस्त ठेवायची ते आपलं आपल्याला ठरवता येईल.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर बाहेर पडलो की मावळता सूर्य तोंडावर, पहाटे जाऊन सकाळी परतलो की उगवता सूर्य तोंडावर. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिरीप आपल्याच वाट्याला येते. पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं उलट आहे. तिथे पहाटे बाहेर पडणाऱ्याला जाताना सूर्य समोर आणि सकाळी परतताना पाठीशी.

आता पोलराइज्ड म्हणजे काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात याला ध्रुवीकरण म्हणतात. एक दोर खांबाला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हलवा. वरखाली हलवलात तर लाट उभी जाते, डावीउजवीकडे हलवलात तर आडवी जाते. आता मध्ये दोन बांबू उभे रोवा, त्यांच्यात चार बोटांची फट ठेवा आणि दोर त्या फटीतून न्या. उभी लाट फटीतून पार होईल, आडवी तिथेच बांबूला आपटून थांबेल. प्रकाशसुद्धा असाच हलत येतो. सूर्याच्या थेट प्रकाशात सगळ्या दिशांची हालचाल एकत्र मिसळलेली असते, उभी, आडवी, तिरपी. पण तो पाण्यावर आपटून परत आला की त्यात आडव्या हालचालीचा भाग जास्त उरतो, कारण उभ्या हालचालीचा भाग पाण्यात जास्त शिरतो. पोलराइज्ड गॉगलची काच म्हणजे ती बांबूंची उभी फट. पाण्याची आडवी तिरीप ती अडवते, बाकीचं आत सोडते.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १८०८ साली पॅरिसमध्ये. मालूस नावाचा एक फ्रेंच इंजिनियर कॅल्साइटच्या खड्यातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळत्या सूर्याचं प्रतिबिंब बघत होता. त्या खड्यातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. खडा फिरवला तशी एक प्रतिमा मंद व्हायची, मग दुसरी. त्याच्या लक्षात आलं की काचेवरून परतलेल्या प्रकाशाला एक दिशा आलेली आहे. पुढे १८१५ साली स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने कोणत्या कोनात ही दिशा सर्वांत पक्की होते त्याचा नियम दिला. पाण्यात शिरलेला किरण आणि पाण्यावरून परतलेला किरण यांच्यात काटकोन झाला की परतलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण आडवा असतो. हा कोन पुढे लागणार आहे.

पण एक प्रश्न राहतो. गॉगलमधली फट कायम उभीच. कारखान्यात बसवली की बसवली, आपण काही ती फिरवत बसत नाही. मग समोरच्या दर्यात, खडकावर, रेतीवर, झाडांवर प्रकाशाची दिशा जागोजागी वेगवेगळी असेल तर हा गॉगल चालतो कसा?

शास्त्रज्ञ हे मोजतात ते असं. कॅमेऱ्यापुढे पोलराइज्ड काच लावून एकाच देखाव्याचे चार फोटो काढतात, काच उभी, आडवी आणि दोन बाजूंना तिरपी. आता असे कॅमेरेही आहेत की ज्यांत हे चारही एका फटक्यात निघतात. मग फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी दोन गोष्टी काढतात. इथल्या प्रकाशात दिशा किती पक्की आहे, आणि ती कोणती. असे लाखो ठिपके मोजून त्यांचा हिशेब मांडला की उघड्यावरच्या देखाव्याची एक ठरावीक तऱ्हा दिसते.

ही तऱ्हा आपल्या पकडीसारखी आहे. हंगामातले सगळे दिवस कागदावर मांडा. बहुतेक दिवस बेताचे, आणि थोडे दिवस पात भरून येणारे. देखाव्यातही तसंच. बहुतेक ठिपक्यांत दिशा अगदी थोडी असते, म्हणजे पानं, कोरडी माती, कोरडी वाळू, भिंती, माणसं. थोड्याच जागी ती जोरदार असते, म्हणजे पाणी, ओला चिखल, ओलं डांबर, चकचकीत पानांचा वरचा भाग, आणि निळ्या आकाशाचा एक पट्टा. आणि जिथे ती जोरदार असते तिथे बहुधा आडवी असते. कारण साधं आहे, उघड्यावर प्रकाश परतवणारे मोठे पृष्ठभाग जमिनीला समांतर पडलेले असतात. पाणी उभं राहत नाही. म्हणून उभ्या फटीचा एकच गॉगल जगभर चालतो. गॉगल म्हणजे या सरासरीवर लावलेली पैज आहे. सरासरी जिथे मोडते तिथे पैज हरते.

आणखी एक गोष्ट या मोजमापात पक्की दिसते. वस्तू जितकी काळपट तितका तिच्यावरून येणाऱ्या प्रकाशात दिशेचा वाटा जास्त. पांढरी वाळू आपल्या आतून भरपूर प्रकाश परत फेकते, त्याला दिशा नसते आणि तो तिरपेत मिसळून जातो. काळा चिखल आतून काहीच देत नाही, त्यामुळे वरची चकाकी तेवढी उरते. खाजनाच्या बांधावर उभं राहून ओहोटीत बघा. गॉगल घालून ओला काळा चिखल एकदम विझल्यासारखा दिसतो, बाजूच्या कोरड्या वाळूत फरक पडत नाही. दर्यातही काळ्या खडकावरच्या पाण्यात गॉगलचा फरक जास्त जाणवतो, वाळूच्या उथळ पाण्यात कमी.

फेसाचं तर उलटंच. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस म्हणजे हजारो बुडबुडे, त्यात प्रकाश इतक्या वेळा आपटतो की दिशा राहतच नाही. गॉगल घातला की पाणी काळं पडतं आणि फेस तसाच पांढरा राहतो, म्हणजे उठून दिसतो. आग्वादच्या तोंडाशी, शापोऱ्याच्या किंवा साळ नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाट कुठे फुटतेय ते बघायला हा गुण फार कामाचा आहे. आमच्या मते पोलराइज्ड गॉगल घ्यावा तर खरा यासाठी.

आता त्या बोयाकडे परत येऊ.

दर्या म्हणजे आरसा नव्हे. तो लाखो लहान तिरप्या आरशांचा बनलेला आहे, आणि आपल्याला जी लखलख दिसते ती त्यांतल्या योग्य कोनात वळलेल्या आरशांची. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५१ साली हवाई बेटांजवळ विमानातून या लखलखीचे फोटो काढले आणि त्यावरून लाटांचे उतार किती असतात त्याचा हिशेब १९५४ साली छापला. आजही उपग्रहवाले तोच हिशेब वापरतात. साधारण १० नॉट वाऱ्यात हे उतार सरासरी १० अंशांच्या आसपास, २० नॉट वाऱ्यात १३ च्या आसपास. तेलाचा तवंग असला की बारीक लाटा बसतात आणि उतार कमी होतात. तेही त्यांनी मुद्दाम दर्यात तेल ओतून तपासलं होतं, आणि त्या मिश्रणात पाचवा हिस्सा माशाच्या तेलाचा होता. आज कोणी असं ओतलं तर दंड होईल तो वेगळा.

या तिरप्या आरशांमुळे तिरीप एका ठिपक्यात न राहता सूर्यापासून आपल्यापर्यंत लांब पट्ट्यात पसरते. आणि त्या पट्ट्यात गॉगल सगळीकडे सारखं काम करत नाही. हिशेब असा. सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते घ्या. तुमची नजर क्षितिजापासून किती अंश खाली झुकलीय ते घ्या. दोन्हींची बेरीज करा. बेरीज ७४ च्या आसपास आली तर तो ब्रूस्टरचा कोन, तिरीप जवळजवळ पूर्ण कापली जाते. बेरीज ४० असेल तर शंभरातले सुमारे १८ भाग आत येतात. २० असेल तर ३४ भाग. १० असेल तर ४२ भाग. आणि हे लक्षात ठेवा की ज्या प्रकाशाला काहीच दिशा नाही त्याचाही निम्मा, म्हणजे ५० भाग, गॉगल कापतोच. त्यामुळे ५० च्या मानाने जेवढं कमी तेवढाच खरा फायदा. (हे आकडे निर्दोष काचेचे आहेत. काचेच्या रंगाने सगळंच सारखं अंधुक होतं ते वेगळं.)

अंश मोजायला यंत्र नको. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिजावर मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी, मग पहिली काढून पुन्हा वर. सूर्याकडे थेट बघू नका, शेवटच्या मुठीने झाकूनच मोजा.

आता त्या सकाळचं गणित करा. सूर्य उगवून पाऊण तास झाला होता, म्हणजे एक मूठ वर, १० अंश. तांडेल पातीत उभा, डोळे पाण्यापासून साधारण दोन मीटरवर. बोया ४० मीटर पुढे. एवढ्या लांब बघताना नजर फक्त ३ अंश खाली जाते. बेरीज १३. गॉगल अस्सल असता तरी तिरपेचे सुमारे ४० भाग आत आले असते, बाकीच्या प्रकाशाच्या ५० भागांसमोर. म्हणजे तिरीप आणि बोया यांच्यातला फरक जवळपास होता तसाच राहिला असता. नजर ३० अंश खाली घातली असती तर बेरीज ४० झाली असती आणि तिथली तिरीप चांगली कापली गेली असती, पण दोन मीटर उंचीवरून ३० अंश खाली म्हणजे पातीपासून साडेतीन मीटर. तेवढ्यात इंजिन थांबत नाही.

म्हणून आम्ही त्या तांडेलाला दोष दिला नाही. वेगाबद्दल मात्र बोललो. सूर्य दोन मुठींच्या खाली आणि समोर असेल तर गॉगल घातलाय म्हणून वेग वाढवायचा नाही. एक खलाशी पुढे नाळीवर उभा करा. आणि शक्य असेल तिथे सरळ तिरपेच्या पट्ट्यातून न येता थोडं तिरकं घ्या, म्हणजे पट्टा एका बाजूला राहतो आणि आपल्या वाटेवरचं पाणी दिसतं. चार मैल तिरकं जायला नको, शेवटचा जाळ्यांचा भाग तेवढा. डिझेल थोडं जास्त जाईल, फाटलेल्या जाळ्यापेक्षा कमीच. गॉगलसोबत लांब झापेची टोपी घाला, कारण थेट सूर्याच्या प्रकाशाला दिशा नसते आणि तो गॉगलला जुमानत नाही.

सूर्य वर गेला की चित्र बदलतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साडेनऊ-दहाच्या सुमारास सूर्य चार मुठी वर असतो. त्या वेळी लांबच्या बोयासाठी बेरीज ४३ च्या आसपास येते, शंभरातले १५ भागच आत येतात. गॉगल काढून-घालून बघा, फरक स्वतःच कळेल. म्हणजे जेव्हा सूर्य वर असतो तेव्हा गॉगल लांबवर चांगला चालतो, आणि जेव्हा तिरीप सर्वांत वाईट असते तेव्हा तो सर्वांत कमी चालतो. विक्रेत्याच्या फोटोत मात्र कायम मावळता सूर्य असतो.

एक चांगली गोष्टही सांगतो, गॉगलशिवायची. स्वच्छ निळं आकाश असेल तर सूर्यापासून काटकोनात असलेला आकाशाचा पट्टा स्वतःच पोलराइज्ड असतो. अगदी स्वच्छ हवेत त्याची दिशा शंभरात ७५-८० भागांपर्यंत पक्की होते, ढग आले की राहत नाही. सकाळी सूर्य पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेला टेकलेला असतो तेव्हा हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. त्या वेळी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून पातीजवळच्या पाण्यात खाली बघा. त्या बाजूच्या आकाशाचा प्रकाश मुळात उभ्या हालचालीचा असतो, आणि उभा प्रकाश पाणी परतवत नाही, आत घेतं. त्यामुळे पाणी आपोआप काळसर आणि आरपार दिसतं. जुनी माणसं संध्याकाळी खडपाजवळ पात आडवी धरून पाण्यात बघतात, त्याला असं कारण आहे. पूर्व-पश्चिम बघाल तर हा फायदा नाही.

सरासरी मोडते त्या आणखी काही जागा आहेत. पात डोलते, डोकं कलतं. १० अंश कललं तर आडव्या प्रकाशाचे शंभरातले ३ भाग आत शिरतात, २० अंशाला १२, ३० अंशाला २५. थोड्या डोलण्याने बिघडत नाही, पण मान वाकडी करून जाळं ओढताना गॉगल अर्धा निकामी असतो. उभ्या पृष्ठभागावरची तिरीप, म्हणजे बाजूने जाणाऱ्या ट्रॉलरची ओली कड किंवा केबिनची काच, ती बऱ्याचदा उभ्या दिशेची असते आणि सरळ आत येते. गढूळ पाण्यात तर काहीच होत नाही. पावसात मांडवी लाल असते तेव्हा तिरीप गेली तरी खाली दिसायचंय काय, मातीच.

तिरीप नेहमी शत्रूही नसते. बांगड्याचा थवा वर आला की पाण्यावर जी बारीक शिरशिरी उठते ती आपण चकाकीतल्या फरकावरूनच ओळखतो. गॉगल ती चकाकीच पुसतो. रापणीवर नजर ठेवणाऱ्याने गॉगल नाकावर खाली ओढून दोन्ही बघावं, वरून एकदा, काचेतून एकदा.

जीपीएस आणि फिशफाइंडरच्या पडद्यांची तक्रार बऱ्याच जणांनी केली, "मशीन खराब झालं" म्हणून. मशीन बरं आहे. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश पोलराइज्ड असतो आणि पडद्याची दिशा गॉगलला आडवी पडली की पडदा काळा दिसतो. मोबाईल उभा धरला तर दिसतो, आडवा धरला तर गायब, किंवा उलट. मशीन विकत घेताना आणि बसवताना गॉगल घालून बघा, तेव्हाच कोन बदलता येतो. आणि दिवेलागणीनंतर गॉगल काढून ठेवा. दुसऱ्या बोटीचा लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला हे काळ्या काचेतून ओळखायच्या भानगडीत पडू नका.

याच पडद्यावर गॉगलची परीक्षा होते. साधा एलसीडी कॅल्क्युलेटर घ्या, आकडे टाका, गॉगल डोळ्यांपुढे धरा आणि हळूहळू चाकासारखा फिरवा. एका जागी आकडे दिसेनासे झाले किंवा सगळी पट्टी काळी पडली तर काच पोलराइज्ड आहे. कितीही फिरवली तरी काही बदललं नाही तर नुसता रंग आहे. दुसरी रीत म्हणजे अस्सल गॉगल मिळाला की त्याच्यासमोर दुसरा आडवा धरायचा, दोन्ही अस्सल असतील तर आरपार काळोख होतो. लाल आकड्यांच्या वजनकाट्यावर ही परीक्षा करू नका, ते आकडे एलईडीचे असतात, तिथे काही कळत नाही. काही मोबाईलवरही फसगत होते. कॅल्क्युलेटर बरा.

डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे गल्लत फार होते. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस चढलेलं असतं. ऊन, वारा आणि अतिनील किरण यांचा त्यात मोठा हात असतो. त्यासाठी काचेवर यूव्ही ४०० हवं. नुसती काळी, अतिनील न अडवणारी काच घातली तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि उघड्या डोळ्यांपेक्षा जास्त अतिनील आत जाऊ शकतं. कॅल्क्युलेटरवर यूव्ही तपासता येत नाही, ते चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर तपासून घ्यावं लागतं. मासळी बाजारात दिवसभर उन्हात बसणाऱ्या आपल्या बहिणींना पोलराइज्डची गरज नाही, पण यूव्हीची आहे. त्यांनी महागडा गॉगल घेऊ नये.

या सगळ्यात आमची एक करमणूक झाली ती सांगतो. आपल्याला ज्यासाठी गॉगल लागतो ते माणक्योंना उपजत मिळालेलं आहे. माणक्यो, म्हाकूल, ऑक्टोपस यांच्या डोळ्यांना प्रकाशाची दिशा दिसते. १९९८ साली छापलेल्या एका प्रयोगात स्क्विडला पोलराइज्ड प्रकाश मिळाला तेव्हा काचेसारखं पारदर्शक भक्ष्य त्यांनी जास्त लांबून टिपलं. आणि मासेही कच्चे नाहीत. चांदीसारख्या चमकणाऱ्या खवल्यांवरून परतलेल्या प्रकाशाला पाण्यासारखीच दिशा आली असती तर असा डोळा असलेल्या शिकाऱ्याला मासा लगेच सापडला असता. इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ साली दाखवलं की युरोपातल्या सार्डिन आणि हेरिंगच्या कातडीत दोन प्रकारचे स्फटिक अशा थरांनी बसलेले असतात की परतणाऱ्या प्रकाशात दिशा येतच नाही. आपला तारला त्याच कुळातला. गॉगल घालून टोपलीतल्या मासळीकडे बघितलं तर वरच्या ओलेपणाची चकाकी जाते आणि चांदी राहते.

तर या महिन्यात संस्था पुन्हा गॉगल मागवते आहे. या वेळी आधी चार नमुने येतील, ते तपासून मगच ऑर्डर. गेल्या वर्षी ज्यांनी संस्थेकडून घेतले त्यांनी ते घेऊन यावेत, नव्या खरेदीत जुन्या पैशांची सूट कशी द्यायची ते संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवलेलं आहे. कॅल्क्युलेटर काउंटरवर दोऱ्याने बांधून ठेवलाय. कोणीही यावं, कुठून का घेतलेला असेना, आपला गॉगल फिरवून बघावा. तळाला जाळी लावणाऱ्यांना एक विनंती. नुसता पांढरा कॅन बोया म्हणून सोडू नका, त्यावर हातभर काठी आणि गडद रंगाचं फडकं लावा. समोरून सूर्य असताना पाण्यापेक्षा वर उभं राहणारं फडकं दिसतं, पाण्यावर पडलेला कॅन दिसत नाही. फडक्याचं कापड ऑफिसात आहे, लागेल तेवढं घेऊन जा.